मामांच्या खिशातली वही

चाकणच्या एका कारखान्यात मी काही वर्षं मेंटेनन्स आणि आयटी यांच्या मधल्या कुठल्याशा खुर्चीवर बसत होतो. तिथे एक ज्येष्ठ फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. प्रेस शॉपमधली एक जुनी हायड्रॉलिक प्रेस फक्त त्यांचंच ऐकायची. ती बंद पडली की आम्ही तिघं-चौघं मॅन्युअल उघडून उभे राहायचो. मग मामा यायचे, पंपाला कान लावायचे, शर्टाच्या खिशातून छोटी वही काढून एक पान बघायचे आणि वही परत खिशात टाकायचे. पंधरा-वीस मिनिटांत प्रेस चालू. वहीत काय आहे असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "काही नाही हो साहेब, दुधाचा हिशेब."

त्याच सुमारास कंपनीने 'सोशल कोलॅबरेशन'चं एक मोठं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात चॅनेल होते, पोस्ट होत्या, लाइक होतं, बॅज होते. उद्घाटनाला केक कापला, टी-शर्ट वाटले, कॅन्टीनच्या भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांचं पोस्टर लागलं. लोकांना ते वापरायला लावणं ही माझी जबाबदारी होती. मी स्पर्धा लावली, जास्त पोस्ट त्याला बक्षीस. पहिल्या महिन्यात फुलांसकट 'गुड मॉर्निंग टीम', वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सुरक्षा सप्ताहाचे तेच तेच फोटो यांचा पूर आला. पहिला नंबर रोज एक सुविचार टाकणाऱ्या स्टोअर्समधल्या गृहस्थांचा लागला. त्यांना लॅपटॉप बॅग मिळाली, प्रमाणपत्रावर सही माझी होती. प्रेसबद्दल एक ओळही कोणी लिहिली नाही.

अशी साधनं कर्मचाऱ्यांच्या गळी कशी उतरवायची, यावर व्यवस्थापनाच्या बैठकांमध्ये पुष्कळ चर्चा होते. प्रशिक्षण द्या, 'चॅम्पियन' नेमा, बॅज द्या, साहेबांचा व्हिडिओ दाखवा. या सगळ्यामागे एक गृहीत असतं: माणूस बिचकतोय, त्याला नवीन शिकायचं नाही, त्याला थोडं ढकलायला हवं. मला हे गृहीतच चुकीचं वाटतं. आमच्याच मेंटेनन्समधली पोरं गणपतीत आख्ख्या मंडळाचा कारभार फोनवर चालवायची. वर्गणीचा हिशेब, ढोल-ताशा पथकाच्या सरावाच्या वेळा, रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या, विसर्जनाच्या दिवशी ट्रॅक्टर कुठे अडकलाय त्याचं लोकेशन, सगळं. त्यांना कोणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. हीच पोरं कंपनीच्या चॅनेलवर मुकी का होतात, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्यांच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नाही. ते आपण घातलेल्या अटींमध्ये आहे.

हा प्रश्न नवा नाही. १९८८ मध्ये जोनाथन ग्रुडिन या संशोधकाने, एकत्र कामासाठी केलेली सॉफ्टवेअरं का फसतात, यावर एक निबंध मांडला. त्यातला एक मुद्दा आजही तसाच लागू पडतो: काम एकाला करावं लागतं आणि फायदा दुसऱ्याला मिळतो. त्याचं उदाहरण कॅलेंडरचं होतं. बैठक आपोआप ठरवणारी सोय कोणाच्या कामाची? बैठक बोलावणाऱ्याच्या. पण ती चालायची तर बाकी सगळ्यांनी आपापलं कॅलेंडर रोज भरून ठेवायला हवं. साहेबाच्या दोन मिनिटांसाठी दहा जणांनी रोज दहा मिनिटं द्यायची. ते देत नाहीत, सोय बंद पडते, आणि मग सगळे म्हणतात, लोक बदलायला तयार नाहीत.

मामांच्या वहीला हे लावून बघा. वहीतलं सगळं चॅनेलवर टाकलं तर प्लँटचा फायदा, मेंटेनन्स मॅनेजरचा फायदा, नव्याने भरती झालेल्या डिप्लोमावाल्या पोराचा फायदा. मामांचा? रात्री अडीचला त्यांच्यासाठी गाडी पाठवली जायची ती बंद झाली असती, ओव्हरटाइम बुडाला असता, आणि 'मामांशिवाय प्रेस चालत नाही' हे वाक्य गेलं असतं. आयटीआय झालेल्या, इंग्रजी न येणाऱ्या, व्हीआरएसच्या, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या, दोन लाटांतून तरलेल्या माणसाकडे तेवढीच एक ठेव होती.

हातचं राखून शिकवणं, असं आपण म्हणतो आणि त्यात दूषण असतं. जुन्या उस्तादांवर हा आरोप कायम होत आला आहे. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) संस्थानं पालथी घालून बंदिशी गोळा करत होते, स्वरलिपीत उतरवून छापत होते, तेव्हा अनेक घराण्यांनी चिजा द्यायला खळखळ केली. आज आपल्याला भातखंड्यांचं काम थोर वाटतं, आणि ते आहेच. पण उस्तादाच्या बाजूने कधी बघितलंय का? चीज हीच त्याची मिळकत होती. छापली की ती सगळ्यांची झाली, आणि त्याच्या पोटाचं काय, याचं उत्तर छापणाऱ्याकडे नव्हतं. ज्ञान वाटावं हे खरं. पण वाटणाऱ्याला उपाशी ठेवून वाटप करणारी व्यवस्था फार काळ कोणाला फसवू शकत नाही.

हे फक्त कारखान्यातल्या फिटरचं आहे असं कोणी समजू नये. एमआयटीच्या वांडा ओर्लिकोव्स्की यांनी १९९२ मध्ये एका मोठ्या सल्लागार कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंपनीचं खरं नाव त्यांनी झाकलं आहे. तिथे लोटस नोट्स नावाचं, त्या काळातलं भारी सॉफ्टवेअर भराभर बसवलं होतं, हेतू हा की सल्लागारांनी आपलं ज्ञान एकमेकांना द्यावं. सगळे उच्चशिक्षित, प्रत्येकापुढे संगणक. तरीही सल्लागार ते वापरेनात. एक तर तिथे प्रत्येक तास कुठल्या तरी ग्राहकाच्या नावे लावायचा असे, आणि नोट्स शिकण्याचे तास लावायला ग्राहक कुठून आणणार? दुसरं म्हणजे तिथली रीत होती, वर चढा नाहीतर बाहेर पडा. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस प्रतिस्पर्धी असेल तर त्याला आपली युक्ती कोण देईल? गंमत म्हणजे त्याच कंपनीतल्या तांत्रिक विभागाच्या लोकांनी ते सॉफ्टवेअर मजेत वापरलं. त्यांना तास विकायचे नव्हते आणि एकमेकांना मागे टाकायचं नव्हतं. एकच कंपनी, एकच सॉफ्टवेअर, पण बढतीचे आणि हिशेबाचे नियम वेगळे. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत अप्रेझलच्या 'बेल कर्व्ह'मध्ये, म्हणजे ठरावीक लोकांनाच वरची श्रेणी द्यायच्या पद्धतीत, अडकलेल्या कोणालाही हे वेगळं समजवावं लागणार नाही.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगतो, कारण तिथे मी स्वतः होतो. स्पर्धेची शोभा झाल्यावर मी शहाणा झालो आणि 'चुकांतून शिका' नावाचा चॅनेल काढला. बरेच दिवस तिथे शुकशुकाट होता. मग एका तरुण इंजिनिअरने धीर करून लिहिलं: रात्रपाळीत घाईत आपण एका मशीनमध्ये चुकीच्या ग्रेडचं तेल भरलं, ड्रमवरची लेबलं सारखी दिसतात, तेव्हा सगळ्यांनी जपा, आणि जमलं तर ड्रमना रंग द्या. सोबत फोटो. या सॉफ्टवेअरवर माझ्या काळात आलेली सगळ्यात उपयोगी पोस्ट ती होती. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात 'कारणे दाखवा' नोटीस पडली. पुरावा म्हणून जोडलेला कागद त्याच्याच पोस्टची प्रिंट. मी एचआरकडे गेलो, भांडलो, नोटीस पुढे न जाता बंद झाली. पण प्रिंटची गोष्ट संध्याकाळपर्यंत कॅन्टीनभर पसरली होती. त्यानंतर त्या चॅनेलवर मी सोडून कोणी लिहिलं नाही. ड्रमना रंग मात्र दिला गेला, हे सांगायला हवं.

आपल्या कार्यालयांत चारचौघांत प्रश्न विचारणं म्हणजे अज्ञान कबूल करणं, आणि चूक सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. चहाच्या टपरीवर माणूस सगळं बोलतो, कारण टपरीवरचं बोलणं हवेत विरतं. चॅनेलवरचं उरतं, शोधता येतं, छापता येतं. विक्रेते नेमकं हेच वैशिष्ट्य म्हणून विकतात. सगळं बोलणं साठेल, कधीही शोधा! साहेबाला ही सोय वाटते, हाताखालच्याला टांगती तलवार. म्हणून आपल्या चॅनेलांवर दोनच प्रकारचं साहित्य फुलतं: 'नोटेड सर' आणि अंगठा.

याउलट जिथे हे जमलं तिथे काय केलं होतं? झेरॉक्स कंपनीची गोष्ट या विषयात बरीच सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखी आहेच. ज्युलियन ऑर हा मानववंशशास्त्रज्ञ १९८० च्या दशकात त्यांच्या दुरुस्ती तंत्रज्ञांबरोबर फिरला. त्याला दिसलं की ही मंडळी मॅन्युअलवर विसंबतच नाहीत. नाश्त्याला, जेवायला जमतात आणि मशीनच्या गोष्टी सांगतात. अमकं मशीन असं अडलं, मी हे करून पाहिलं, मग ते सुटलं. खरं ज्ञान त्या गोष्टींत होतं. एखाद्या कंपनीने 'वेळ वाया घालवतात' म्हणून तो नाश्ताच बंद केला असता. झेरॉक्समध्ये पुढे या गोष्टींना धरून 'युरेका' नावाची सोय उभी राहिली आणि नव्वदच्या दशकात फ्रान्समध्ये तंत्रज्ञ ती वापरू लागले. तंत्रज्ञाने उपाय लिहायचा, अनुभवी तंत्रज्ञांनीच तो तपासायचा, आणि मगच तो त्याच्या नावानिशी सगळ्यांना दिसायचा. उपायामागे पैसे द्यावेत असा विचार निघाला तेव्हा तो तंत्रज्ञांनाच नको होता. पैसे आले की लोक आकडा वाढवतील, दर्जा जाईल, अशी त्यांची भीती होती. त्यांना आपलं नाव हवं होतं, आणि ते ज्याच्या मताला किंमत देत अशा जोडीदाराने 'बरोबर आहे' म्हणायला हवं होतं. माझी लॅपटॉप बॅग आठवून मला अजून लाज वाटते.

इथे एक आक्षेप नेहमी येतो: एवढा खटाटोप कशाला, व्हॉट्सॲप आहे की! हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. महाराष्ट्रातली निम्मी कार्यालयं आज व्हॉट्सॲपवर चालतात, जिल्हा परिषदेच्या शाळांपासून बँकांच्या शाखांपर्यंत. ते चालतं याचं मोठं कारण भाषा आहे. तिथे माणूस मराठीत, नाहीतर रोमन लिपीतल्या मराठीत लिहितो, आणि लिहायचा कंटाळा आला तर आवाज पाठवतो. आमच्या त्या महागड्या सॉफ्टवेअरवर पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत होतं. पोस्टर इंग्रजीत, सूचना इंग्रजीत, साहेबांची पहिली पोस्ट इंग्रजीत. मराठी लिहू नका असं कोणी सांगितलं नव्हतं, पण ते सांगावं लागतच नाही. ज्या फिटरला स्पिंडलचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय हे कळतं, त्याला त्यावर इंग्रजीत चार ओळी लिहायला लावणं म्हणजे त्याला गप्प बसायला सांगणंच. मराठीत तीस सेकंदांचा आवाज आणि एक फोटो, एवढ्याची मुभा कागदावर नव्हे तर प्रत्यक्ष दिली, साहेबाने स्वतः मराठीत लिहिलं, तर अर्धी लढाई तिथेच संपते.

तरीही व्हॉट्सॲपवर सगळं सोडून देणं मला पटत नाही. फोन कर्मचाऱ्याचा, डेटा पॅक त्याचा, आणि रात्रही त्याचीच. लेकराच्या तापाचा मेसेज आणि उद्याच्या डिस्पॅचचा मेसेज एकाच पडद्यावर येतात. रात्री साडेअकराला साहेबांनी ग्रुपवर विचारलं आणि निळ्या खुणा उमटल्या की उत्तर न देणं हा उद्धटपणा ठरतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांनी कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काविषयी कामगारांशी बोलणी करावीत, असा कायदा आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, त्याचा कायदा काही झाला नाही. शिवाय व्हॉट्सॲपवर नव्याने आलेल्याला मागचं सगळं दिसत नाही, आणि सोडून गेलेला माणूस ड्रॉइंगचे फोटो फोनमध्ये घेऊनच जातो. तेव्हा कामाची जागा वेगळी हवी, हे मला मान्य आहे. फक्त ती जागा कर्मचाऱ्याला आजच्यापेक्षा बरी वाटली पाहिजे. आठनंतर शांत राहणारा ग्रुप मिळत असेल तर लोक व्हॉट्सॲप आनंदाने सोडतील. पण कंपन्या काय करतात? व्हॉट्सॲप ग्रुप तसाच ठेवतात आणि वर हे नवं जोडतात.

ही दुहेरी नोंद हाच या साधनांचा सगळ्यात मोठा मारेकरी आहे, आणि बैठकांत तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. आमच्याकडे पाळी बदलताना फोरमन हँडओव्हर रजिस्टर भरायचा, मग तेच एक्सेलमध्ये, मग तेच ग्रुपवर, आणि आता तेच चॅनेलवर. रजिस्टर बंद करा असं मी म्हटलं तर उत्तर मिळालं, ऑडिटला लागतं. एक्सेल? हेड ऑफिसला लागतं. जुनं काहीही बंद न करता नवं सुरू करणाऱ्याला दोष न देता, चौथ्यांदा लिहायला कंटाळणाऱ्या फोरमनला आपण 'बदलाला विरोध करणारा' म्हणतो.

सरकारी उदाहरणही आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन कमी क्षमतेचे होते, तापायचे, बिघडले की भुर्दंड सेविकेलाच, आणि केंद्राचं पोषण ट्रॅकर हे ॲप तेव्हा इंग्रजीत. ते ॲप काही गप्पांचं साधन नव्हतं, माहिती वर पाठवायचं होतं, हा फरक मला ठाऊक आहे. पण ज्या बायकांनी फोन परत केले त्या फोनला घाबरणाऱ्या नव्हत्या. आंदोलनाचे निरोप तर त्यांच्या स्वतःच्या फोनवरूनच फिरत होते.

करोनाने एक गोष्ट दाखवून दिली. मायक्रोसॉफ्ट टीम्सचे रोजचे वापरकर्ते मार्च २०२० मध्ये ४ कोटी ४० लाख होते, एप्रिलअखेर ते साडेसात कोटी झाले. कोणीही बॅज दिला नव्हता. गरज असली की माणूस आठवड्यात शिकतो. पण तेव्हा लोकांनी उचलल्या त्या बैठका आणि निरोप. आपल्याला ठाऊक असलेलं दुसऱ्याला देणं टाळेबंदीनेही शिकवलं नाही, कारण ते शिकण्याचं प्रकरणच नाही.

म्हणून मला कोणी विचारलं, आमच्या लोकांना हे वापरायला कसं लावू, तर मी आधी उलटा प्रश्न करतो: यासाठी तुम्ही काय बंद करणार? रजिस्टर, एक्सेल, रात्रीचा ग्रुप, यातलं एक तरी? मग विचारतो, यावर लिहिलेली चूक शिस्तभंगाच्या फाइलमध्ये जाणार नाही, हे युनियनसमोर लिहून द्याल? लिहिण्याचा वेळ पाळीत धराल, की चहाच्या सुट्टीत लिहायचं? आणि जो आपली युक्ती देऊन टाकेल त्याला दुसऱ्या दिवशी काय उरेल? या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक साहेब गोंधळतात. त्याचं उत्तर अवघड नाही. ज्याने दिलं त्याला शिकवणारा करा. पदनाम द्या, पगारात दिसू द्या, नव्या पोरांची तुकडी त्याच्या हाताखाली द्या. गुरूला दक्षिणा ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे, तिला 'नॉलेज शेअरिंग'चं नाव दिलं म्हणून ती फुकट होत नाही. आणि हे सगळं करण्याची तयारी नसेल तर सॉफ्टवेअर घेऊ नका. पैसे वाचतील, आणि लोकांचा तुमच्यावरचा जो काही विश्वास आहे तो शाबूत राहील.

एक काम साहेब उद्या सकाळी फुकटात करू शकतो. स्वतः एक खरा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर त्याला खरंच माहीत नाही, सगळ्यांसमोर, मराठीत. "ही प्रेस पावसाळ्यातच जास्त का बंद पडते, मला कळत नाहीये. कोणाला माहीत आहे का?" मी हे सुचवलं तेव्हा आमचे प्लँट हेड हसले. म्हणाले, असं लिहिलं तर लोक काय म्हणतील?

मामा वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं, मी भाषणात वहीचा उल्लेख केला आणि सगळे हसले, मामाही. पावसाळ्यात प्रेस बंद पडली. दोन दिवस कोणाला काही उमगलं नाही. तिसऱ्या दिवशी कंपनीने त्यांना गाडी पाठवली, आणि पुढे जवळपास दोन वर्षं ते कॉन्ट्रॅक्टवर येत होते, रोजावर, निवृत्तीआधीच्या पगारापेक्षा बऱ्याच चांगल्या दराने. गेटवर भेटले की मी खिशाकडे बघायचो. वही तिथेच असायची.